विजयनगर : तुंगभद्रेकाठचे साम्राज्य

विजयनगरचे साम्राज्य चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ना त्या रूपात टिकले. संगम, साळुव, तुळुव आणि अरविडू अशी चार घराणी त्याच्या गादीवर आली. भरभराटीच्या काळात कृष्णेच्या दक्षिणेचा जवळजवळ सगळा प्रदेश या राज्याच्या अमलाखाली होता. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि तुळू बोलणारी, शैव, वैष्णव, जैन आणि मुसलमान अशी नाना प्रकारची प्रजा त्यात नांदत होती. एवढ्या निरनिराळ्या माणसांना एका राज्यात बांधून ठेवण्याची व्यवस्था विजयनगरने दोन शतकांहून अधिक काळ चालवली. त्याचा उत्कर्ष कसा झाला आणि त्याचा घात कशाने झाला, हे त्या व्यवस्थेतूनच उलगडते.

स्थापना

तेराव्या शतकाच्या अखेरीस दख्खन आणि दक्षिण भारतात चार मोठी राज्ये होती : देवगिरीचे यादव, वरंगळचे काकतीय, द्वारसमुद्राचे होयसळ आणि मदुरेचे पांड्य. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत ही घडी पार विसकटली. यादवांचे राज्य बुडाले, १३२३ मध्ये वरंगळ पडले, १३२७ मध्ये तुंगभद्रेकाठचे छोटेसे कंपिली राज्यही दिल्लीच्या फौजेने संपवले. मदुरेला स्वतंत्र सुलतानी सुरू झाली. तिच्याशी लढताना वृद्ध होयसळ राजा तिसरा बल्लाळ मारला गेला.

या पडझडीतून संगमाचे पाच मुलगे पुढे आले. त्यांतले हरिहर आणि बुक्क हे दोघे राज्याचे संस्थापक मानले जातात. ते आधी कोणाच्या पदरी होते, याविषयी दोन परंपरा आहेत. एक त्यांना वरंगळ आणि कंपिलीशी जोडते, तर दुसरी होयसळांच्या सेवेत दाखवते. नगराची स्थापना १३३६ मध्ये झाली असे परंपरा मानते. १३४६ मध्ये हे भाऊ शृंगेरीच्या मठात एकत्र आले आणि विजयाच्या निमित्ताने त्यांनी मठाला भूमिदान दिले. शृंगेरीच्या विद्यारण्यस्वामींचे नाव राज्याच्या स्थापनेशी कायमचे जोडले गेले आहे. वेदांवरचे सायणाचार्यांचे प्रसिद्ध भाष्यही पहिला बुक्क आणि दुसरा हरिहर यांच्याच आश्रयाने लिहिले गेले.

राजधानीची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. उत्तरेला खळाळती तुंगभद्रा, तिच्या पलीकडे आनेगुंदीचा जुना किल्ला आणि सभोवती एकावर एक रचल्यासारख्या प्रचंड शिळांच्या टेकड्या. शत्रूच्या घोडदळाला येथे मोकळे मैदान मिळत नसे. शिवाय हे पंपादेवी आणि विरूपाक्षाचे प्राचीन क्षेत्र. संगम राजांनी विरूपाक्षाला राज्याचा स्वामी मानले. त्यांच्या दानपत्रांच्या अखेरीस राजाच्या नावाऐवजी कन्नड लिपीत ‘श्री विरूपाक्ष’ अशी सही आढळते.

मदुरेपासून गोव्यापर्यंत

पहिल्या पन्नास वर्षांत राज्य झपाट्याने वाढले. बुक्काचा मुलगा कुमार कंपण याने तमिळ प्रदेशात उतरून मदुरेच्या सुलतानीचे कंबरडे मोडले. त्याची पत्नी गंगादेवी हिने या मोहिमेवर ‘मधुराविजयम्’ हे संस्कृत काव्य रचले. पतीच्या मोहिमेवर राणीने लिहिलेले महाकाव्य म्हणून ते संस्कृत साहित्यात वेगळे उठून दिसते. श्रीरंगमची रंगनाथाची उत्सवमूर्ती आक्रमणाच्या काळात देवळातून हलवावी लागली होती. १३७१ मध्ये कंपणाचा अधिकारी गोपण्ण याने ती पुन्हा स्थापन केली.

पश्चिमेकडे १३८० च्या सुमारास माधवमंत्र्याने बहामनींकडून गोवा घेतला. कदंबांचे कुलदैवत सप्तनाथ, म्हणजेच सप्तकोटेश्वर, याची त्याने पुन्हा स्थापना केली. पुढे पोर्तुगीजांच्या काळात दिवाडी बेटावरचे हे देऊळ पाडले गेले, तेव्हा देव नार्व्याला नेण्यात आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. गोवा सुमारे नव्वद वर्षे विजयनगरकडे राहिला. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गावान याने तो जिंकून घेतला आणि विजयनगरच्या हातून एक मोलाचे बंदर गेले.

१३४७ मध्ये गुलबर्ग्याला स्थापन झालेली बहामनी सत्ता ही विजयनगरची कायमची प्रतिस्पर्धी होती. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबातला रायचूर-मुद्गलचा सुपीक पट्टा आणि कोकणची बंदरे यांसाठी दोघांत पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या. या संघर्षाकडे केवळ धर्मयुद्ध म्हणून पाहिले तर बरेच काही नजरेआड होते. बुक्काच्या काळापासून विजयनगरचे राजे ‘हिंदुरायसुरत्राण’, म्हणजे हिंदू राजांमधला सुलतान, अशी बिरुदावली लावत. शेजाऱ्याशी वैर असले तरी त्याच्या दरबारी भाषेतला मानाचा शब्द त्यांनी आपलासा केला होता. दुसऱ्या देवरायाने मुसलमान तिरंदाज आणि स्वार आपल्या फौजेत घेतले. त्याचा अधिकारी अहमद खान याने १४३९ मध्ये राजधानीत बांधलेली मशीद आजही उभी आहे. तिच्या शिलालेखात त्या वास्तूला ‘धर्मशाळा’ म्हटले आहे.

पाण्याची व्यवस्था

राजधानीचा, म्हणजे आजच्या हंपीचा, परिसर कमी पावसाचा आणि खडकाळ. अशा ठिकाणी लाखांच्या वस्तीचे नगर वसवायचे तर पहिला प्रश्न पाण्याचा होता. तुंगभद्रेवर दगडी बांध घालून तिचे पाणी कालव्यांनी नगरात आणि आसपासच्या शेतांत फिरवले गेले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या देवरायाने मोठा बांध घालून पाट काढला आणि त्यामुळे राज्याचे उत्पन्न कैक लाखांनी वाढले, अशी हकिकत पोर्तुगीज घोडेव्यापारी फेर्नाव नुनिश याने नोंदवली आहे. तुर्तू कालव्यासारख्या त्या काळच्या पाटांवर हंपीतली भाताची खाचरे आणि केळीच्या बागा अजून भिजतात.

नगरातल्या पाण्याच्या योजनेचा उत्तम नमुना राजवाड्याच्या आवारात १९८० च्या दशकातल्या उत्खननात उजेडात आला. काळसर दगडात बांधलेली ही चौकोनी पुष्करणी पाच टप्प्यांनी खाली उतरते. प्रत्येक टप्प्यावर लहान पायऱ्यांचे त्रिकोणी जिने इतक्या नेमकेपणाने बसवले आहेत की सावलीसुद्धा नक्षीसारखी पडते. जवळ जाऊन पाहिले की दगडांवर कोरलेल्या खुणा दिसतात. कोणता दगड कोणत्या दिशेच्या बाजूला आणि कितव्या थरात बसवायचा, हे त्यांत अक्षरांनी आणि अंकांनी लिहिलेले आहे. याचा अर्थ असा की दगड दुसरीकडे घडवून आणले आणि येथे केवळ जुळवले. पुष्करणीत पाणी यायचे ते दगडी खांबांवर पेललेल्या लांबच लांब पन्हळीतून. या पन्हळीचा बराच भाग अजून जागेवर आहे.

पाणी पुरवण्याचे हे काम एकट्या राजाचे नव्हते. भक्ताने देवाला रोकड अर्पण केली की तिरुपतीसारखी मोठी देवस्थाने ती देवस्थानाच्या गावांत तळी खोदण्यात आणि पाट काढण्यात घालत. त्यातून वाढलेल्या पिकातून देवाचा नैवेद्य चाले आणि प्रसादाचा ठरावीक वाटा दात्याला मिळे. अशा व्यवहारांचे तपशील तिरुमलाच्या शेकडो शिलालेखांत कोरून ठेवले आहेत. देवळाचे दान अशा रीतीने कोरडवाहू जमीन बागायत करण्याच्या कामी येत असे.

घोडे आणि नायक

दख्खनच्या युद्धात घोडदळ निर्णायक ठरे. चांगला घोडा मात्र दक्षिणेत पैदा होत नसे. अरबस्तान आणि इराणचे घोडे होर्मुझहून समुद्रमार्गे भटकळ, होनावर आणि गोव्याच्या बंदरांत उतरत. या व्यापाराला राज्यात किती महत्त्व होते, ते नुनिशच्या एका हकिकतीवरून कळते. राजा साळुव नरसिंह घोडे जिवंत असोत की मेलेले, हजार परदावांना तीन या दराने विकत घेई. वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याची केवळ शेपटी आणून दाखवली तरी व्यापाऱ्याला त्याचे पैसे मिळत. पोर्तुगीज ज्याला परदाव म्हणत तो विजयनगरचा सोन्याचा वराह, म्हणजेच मराठी कागदपत्रांतला होन. पुढे सोळाव्या शतकात राजा वर्षाला तेरा हजार घोडे घेत असे, असेही नुनिश सांगतो. त्यांतले उत्तम घोडे राजाच्या पागेत राहत आणि उरलेले सरदारांना विकले जात.

हे सरदार म्हणजे ‘अमरनायक’. राजा नायकाला एखादा प्रदेश लावून देई. त्याच्या वसुलातून नायकाने ठरलेले पायदळ, स्वार आणि हत्ती बाळगायचे आणि ठरावीक रक्कम राजाकडे भरायची. मराठी वाचकाच्या ओळखीच्या सरंजामाशी ही पद्धत बरीच मिळतीजुळती होती. हिशेबाची वेळ म्हणजे महानवमीचा उत्सव. शरद ऋतूतल्या या नऊ दिवसांत सगळे नायक फौजफाट्यासह राजधानीत हजर होत, देणी भरत आणि राजाला मुजरा करत. राजा एका उंच दगडी चौथऱ्यावरून, म्हणजेच आजच्या महानवमी दिब्ब्यावरून, सोहळा पाहत असे. या चौथऱ्याच्या दगडी पट्ट्यांवर हत्तींच्या रांगा, शिकारी, टिपऱ्या खेळणाऱ्या स्त्रिया आणि लांब अंगरखे घातलेले परदेशी घोडेव्यापारी कोरले आहेत. राज्याची सगळी घडी तिथे एकाच ठिकाणी पाहायला मिळते.

राजा जोरकस असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालली. राजा दुबळा झाला की दूरच्या प्रांतातला नायक वसूल स्वतःकडेच ठेवू लागे. साळुव नरसिंहाने १४८५ मध्ये संगमांची गादी बळकावली आणि त्यानंतर वीस वर्षांनी तुळुव सेनानींनी साळुवांना बाजूला सारले. दोन्ही वेळी सत्ता गेली ती अशाच प्रबळ सरदारांच्या हाती.

कृष्णदेवराय

तुळुव घराण्यातला कृष्णदेवराय १५०९ मध्ये गादीवर आला. त्याची वीस वर्षे हा साम्राज्याचा सर्वोच्च काळ. राज्यारोहणाच्या निमित्ताने त्याने विरूपाक्षाच्या देवळात रंगमंडप बांधला. त्याचा १५१० चा शिलालेख तिथे आहे. पूर्वेकडे ओरिसाच्या गजपतींशी त्याने अनेक वर्षे युद्ध केले, उदयगिरी आणि कोंडवीडू हे किल्ले घेतले आणि सिंहाचलमपर्यंत मजल मारली. उदयगिरीहून आणलेल्या बालकृष्णाच्या मूर्तीसाठी १५१५ मध्ये त्याने राजधानीत कृष्णमंदिर उभारले.

१५२० मध्ये रायचूरच्या किल्ल्यासाठी, बहामनी राज्य फुटून निघालेल्या विजापूरच्या इस्माईल आदिलशहाशी लढाई झाली. आदिलशाही तोफांच्या पहिल्याच माऱ्याने विजयनगरची आघाडी मोडली. तेव्हा कृष्णदेवराय स्वतः राखीव फौज घेऊन पुढे सरसावला आणि लढाईचे पारडे फिरले. पळणारे आदिलशाही सैनिक कृष्णेत बुडाले. त्यानंतर किल्ल्याच्या वेढ्यात क्रिश्तोव्हाव द फिगेरेदु याच्या मूठभर पोर्तुगीज बंदूकधाऱ्यांनी तटावरच्या रक्षकांना टिपले आणि रायचूर हाती आले.

याच सुमारास राजधानीत आलेल्या दोमिंगु पाइश या पोर्तुगीजाला हे शहर रोमएवढे मोठे वाटले. हिरे-माणकांपासून धान्य-भाजीपर्यंत सगळे मिळणारे बाजार, देवळांसमोरचे रुंद रस्ते, घराघरांशेजारच्या बागा आणि वाहते पाट यांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. राजा नवा तलाव बांधत असताना पंधरा-वीस हजार माणसे कामावर होती आणि ती मुंग्यांसारखी दिसत होती, असेही त्याने लिहिले आहे. त्याच्याआधी, १४४३ मध्ये, इराणी वकील अब्दुर रझाक येथे आला होता. येथील लोकांना गुलाबाची फुले अन्नाइतकीच गरजेची वाटतात, असे त्याने नमूद केले.

पंथ आणि देवळे

राज्यातल्या पंथांमध्ये तंटे होत आणि ते सोडवण्याची जबाबदारी राजावर येई. १३६८ मध्ये जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात झालेला तंटा पहिल्या बुक्काकडे आला. वाद्ये वाजवण्याच्या आणि कलश मिरवण्याच्या मानावरून जैनांना त्रास होत असल्याची तक्रार होती. राजाने दोन्ही पक्षांच्या प्रमुखांसमोर जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही असा निवाडा केला. श्रवणबेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस रक्षक नेमायचे, त्यांच्यासाठी जैनांच्या घरटी वर्षाला एक हण गोळा करायचा आणि उरलेल्या रकमेतून जैन मंदिरांना चुना लावायचा, असे ठरले. हा पैसा गोळा करण्याचे काम तिरुमलाच्या वैष्णव तातय्याकडे सोपवण्यात आले. ज्यांच्याकडून त्रास होत होता त्यांनाच राजाने रक्षणाच्या कामी जोडले.

विजयनगरच्या देवळांना त्यांची स्वतःची घडण आहे. उंच रायगोपुरे, झेप घेणाऱ्या याळींचे, म्हणजे काल्पनिक पशूंचे, खांब, लग्नसोहळ्याचे कल्याणमंडप आणि देवळासमोर दूरवर गेलेला रथाचा बाजार ही तिची खूण. विठ्ठलमंदिरात ती सर्वांत फुललेली दिसते. त्याच्या प्रांगणातला दगडी रथ हे प्रत्यक्षात गरुडाचे देऊळ आहे. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर हाच रथ आहे. १५२८ मध्ये एकाच शिळेतून कोरलेली लक्ष्मीनरसिंहाची मूर्ती सुमारे पावणेसात मीटर उंच आहे.

हंपीच्या विठ्ठलाचे पंढरपूरशी नाते आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. ही कथा इतिहासाच्या पुराव्यावर सिद्ध होत नाही. पण पंढरपूरचा महिमा तेलुगू काव्यात पोहोचला होता, हे निश्चित. तेनाली रामकृष्ण कवीचे ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ हे काव्य पंढरपूरच्याच क्षेत्रावर आहे.

भाषा आणि संगीत

दरबारात संस्कृत, कन्नड, तेलुगू आणि तमिळ या चारही भाषांना स्थान होते. दुसऱ्या देवरायाच्या काळात चामरसाने कन्नडमध्ये ‘प्रभुलिंगलीले’ लिहिले. तेलुगू कवी श्रीनाथाचा त्याच दरबारात सन्मान झाला. कृष्णदेवरायाच्या काळात तेलुगू काव्याला बहर आला. अल्लसानि पेद्दना आणि नंदि तिम्मना हे त्याच्या दरबारातले अग्रगण्य कवी. राजाने स्वतः ‘आमुक्तमाल्यदा’ हे तेलुगू काव्य रचले. त्यात तमिळ संत कवयित्री आंडाळची कथा आहे. त्याच काव्यातल्या राजनीतीच्या भागात बंदरे सुधारावीत, वादळाने किनाऱ्याला लागलेल्या परदेशी खलाशांची नीट काळजी घ्यावी, प्रदेश लहान असला तरी तळी आणि पाट वाढवावेत, असा उपदेश आहे. राज्य ज्या गोष्टींवर चालते त्याची राजाला असलेली नेमकी जाण त्यातून दिसते.

माध्व आचार्य व्यासतीर्थ यांच्याभोवती हरिदासांची परंपरा जमली. पुरंदरदास आणि कनकदास यांनी कन्नड पदांतून भक्ती घरोघर नेली. पुरंदरदासांच्या पदांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे. कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मुलाला आजही मायामाळवगौळ रागातले जे पहिले पाठ दिले जातात, त्यांची क्रमवार मांडणी पुरंदरदासांनी केली असे मानले जाते. १५५० मध्ये रामामात्याने ‘स्वरमेलकलानिधि’ हा संगीतावरचा ग्रंथ रामरायाच्या आश्रयाने लिहिला.

१५६५

कृष्णदेवरायानंतर अच्युतराय आणि पुढे सदाशिवराय गादीवर आले. सदाशिवरायाच्या काळात सगळी सत्ता कृष्णदेवरायाचा जावई ‘अळिय’ रामराय याच्या हातात होती. अळिय म्हणजे जावई. रामरायाने तरुणपणी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत नोकरी केली होती. बहामनी राज्याचे तुकडे होऊन झालेल्या शाह्यांच्या आपापसातल्या भांडणात तो कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या बाजूने उतरे आणि प्रत्येक वेळी किल्ले आणि मुलूख पदरात पाडून घेई. अली आदिलशहाशी त्याचे मुलासारखे नाते होते. इब्राहिम कुतुबशहा तर राजपुत्र असताना सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला होता. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाला मात्र रामरायाच्या फौजांनी त्याच्याच मुलखात येऊन नमवले होते.

अखेर सगळ्यांनाच रामराय डोईजड झाला. निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. आदिलशहाची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली गेली. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बिदर या चौघांची फौज कृष्णेवर आली. २३ जानेवारी १५६५ रोजी राक्कसगी आणि तंगडगी या गावांजवळ लढाई झाली. मराठीत ती राक्षसतागडीची किंवा तालिकोटची लढाई म्हणून ओळखली जाते. निजामशाही तोफखान्याचा मारा भयंकर होता. ऐन वेळी रामरायाच्या फौजेतले दोन सरदार शत्रूला मिळाले, असे इटालियन प्रवासी चेझारे फेदेरीची लिहितो. वृद्ध रामराय पकडला गेला आणि हुसेन निजामशहाच्या हुकमाने त्याचे शिर कापले गेले. ते पाहताच विजयनगरची फौज उधळली.

रामरायाचा भाऊ तिरुमल राजधानीत आला आणि सदाशिवरायासह खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याला निघून गेला. राजधानी निराधार झाली. त्यानंतर काही महिने लूट, जाळपोळ आणि मोडतोड चालू राहिली. विरूपाक्षाचे देऊळ वाचले, तिथली पूजा आजही चालते. नगर मात्र पुन्हा वसले नाही.

साम्राज्यानंतर

अरविडू घराण्याने पेनुकोंडा, चंद्रगिरी आणि वेल्लोर येथून आणखी आठ-नऊ दशके राज्य चालवले. दुसऱ्या वेंकटाच्या काळात (१५८६ ते १६१४) त्याला पुन्हा काहीसे बळ आले. पण मदुरा, तंजावर, जिंजी आणि इक्केरीचे नायक आणि म्हैसूरचे वोडेयार आपापल्या जागी स्वतंत्र होत गेले. राज्याची बांधणी ज्यांनी केली, त्याच नायकांनी त्याचे तुकडे वाटून घेतले. तिसरा श्रीरंग हा शेवटचा नाव घेण्याजोगा राजा. सतराव्या शतकाच्या मध्यात विजापूर आणि गोवळकोंड्याच्या स्वाऱ्यांनी त्याची सत्ता संपवली.

या स्वाऱ्यांतूनच मराठे दक्षिणेत पोहोचले. विजयनगरचे मांडलिक केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेले बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६७५-७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि नायकांचा दरबार, ग्रंथालय आणि संगीताची परंपरा मराठ्यांच्या हाती आली. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने तेलुगूत आणि मराठीतही नाटके लिहिली. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला. दक्षिणेत विजयनगरने रूढ केलेल्या नाण्याचीच ती परंपरा होती. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेला जिंजीचा किल्ला पुढे राजाराम महाराजांना मोगलांविरुद्ध आसरा ठरला.

कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने १७९९ मध्ये हंपीच्या अवशेषांची पाहणी केली. १९०० मध्ये रॉबर्ट सेवेल याने विजयनगरवर ग्रंथ लिहिला आणि पाइश व नुनिश यांच्या हकिकती इंग्रजीत आणल्या. १९८६ मध्ये हंपीचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. सेवेलने आपल्या ग्रंथाच्या नावातच या साम्राज्याला विस्मृत म्हटले होते. इतिहासग्रंथांपुरते ते खरे होते. दक्षिणेतल्या देवळांच्या गोपुरांत, हरिदासांच्या पदांत, तेलुगू काव्याच्या पाठांतरात आणि तुंगभद्रेच्या पाटांवर भिजणाऱ्या शेतांत मात्र विजयनगर त्या काळातही लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग होते.